रंग सगळ्यात शेवटी
वाचकांचे प्रश्न : जुन्या फौजी गाड्या

या वेळच्या निम्म्याअधिक पत्रांत रंगाचीच चौकशी आहे. शेड कोणती घ्यावी, बॉनेटवरचा पांढरा तारा केवढा काढावा, असलं सगळं. ती पत्रं बाजूला ठेवली आहेत. गाडी चालते का, आणि चाललीच तर थांबते का, याबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांना आधी उत्तर देतो. मी ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, व्हेइकल मेकॅनिक होतो. शक्तिमान, निसान वन टन आणि जोंगा या फौजी गाड्यांखाली आडवा पडून नोकरी झाली. आता भगूरला घरामागच्या शेडमध्ये त्यांच्याहूनही म्हाताऱ्या गाड्या बघतो. गाव मला मेजर म्हणतं, निवृत्त झालो हवालदार म्हणून. पत्रात काहीही म्हणा, पण डॅशबोर्डवरच्या पितळी पाटीचा फोटो जोडत चला. अर्धं उत्तर त्या पाटीवरच असतं.

मेजर, नमस्कार. लढाई संपल्यावर आजोबांनी डिस्पोजलमध्ये घेतलेला शेवरलेट ट्रक आमच्या मळ्यात आहे. समोरची काच उलटी कललेली, म्हणजे वरून पुढे आणि खालून आत. पूर्वी यातून लासलगावला कांदा जायचा. गेली वीसेक वर्षं तो शेडमध्ये उभा आहे. दसऱ्याला पूजा करून गावातून फिरवावा अशी घरच्यांची इच्छा आहे. पेंटरने पुट्टी भरण्याचा आणि रंगाचा अंदाज दिला आहे. ऑइल बदलून, नवी बॅटरी लावून सेल्फ मारून बघू का? — एक वाचक, सिन्नर

सेल्फ मारू नका. पेंटरलाही पुढच्या वर्षी या म्हणून सांगा.

उलट्या काचेवरून तुमची गाडी ओळखता येते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांसाठी कॅनडात फोर्ड आणि शेवरलेटने एकाच नमुन्यावर जे ट्रक काढले, त्यांना सीएमपी (कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न) म्हणतात. चार लाखांहून जास्त निघाले. काच अशी कलती ठेवली ती उन्हाची चमक वरच्या विमानाला दिसू नये म्हणून. म्हणजे तुमची केबिन तेरा नंबरच्या नमुन्याची. शेवरलेट असेल तर आत सरळ सहा सिलिंडरचं २१६ घन इंचांचं इंजिन दिसेल. बॉनेट उघडल्यावर व्ही-८ दिसलं तर गाडी फोर्डची, मग मला पुन्हा लिहा. पुढचं सगळं २१६ साठी आहे.

या इंजिनात कनेक्टिंग रॉडला आजच्यासारखे सुटे बेअरिंग नसतात. रॉडच्या मोठ्या तोंडातच व्हाइट मेटल नावाचा मऊ मिश्रधातू ओतलेला असतो. त्याला तेलही पंपाच्या जोरावर क्रँकमधून येत नाही. रॉडच्या बुडाला एक छोटी पळी असते, ती दर फेऱ्याला खालच्या पन्हळीतलं तेल उचलते. वीस वर्षांत त्या पन्हळीत आणि तिच्यात तेल सोडणाऱ्या नळ्यांत काळा गाळ बसून घट्ट झालेला असतो. वरून ताजं तेल ओतलंत तरी ते पळीपर्यंत पोचेलच असं नाही. इंजिन सुरू होईल, सगळे टाळ्या वाजवतील, आणि टाळ्या थांबायच्या आत आतून खडखडाट सुरू होईल. व्हाइट मेटल भरून, बोअर करून, निळ लावून हाताने स्क्रेप करणारा मिस्त्री आज शोधून सापडत नाही. सापडला तर तो सांगेल ती मजुरी द्यावी लागते.

म्हणून आधी सम्प, म्हणजे इंजिनाच्या बुडाची तेलाची परात, उतरवा. पन्हळी, नळ्या, पंपाची जाळी रॉकेलने धुवा. तिथे चंदेरी चुरा सापडला तर तिथेच थांबा, रॉड उघडावे लागतील. सापडला नाही तर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) निम्मं-निम्मं मिसळून अर्धा कप सोडा आणि आठवडाभर विसरा. मग हँडल लावून हाताने फिरवा. अडकलं तर पाइप लावून लांबी वाढवू नका, पुन्हा मिश्रण सोडा आणि पुन्हा वाट बघा. इंजिन फिरायला लागलं की वरचं टॅपेट कव्हर काढा आणि कोणाला तरी हँडल मारायला लावून स्वतः डोळ्यांनी पाहा. बारा व्हॉल्व खाली जाऊन परत वर आले पाहिजेत. एखादा अडकलेला असताना सेल्फ मारला तर पुश रॉड वाकलाच. पहिल्यांदा सुरू करताना पेट्रोल टाकीतलं नको, स्वच्छ कॅनमधून रबरी नळीने द्या. त्या टाकीत आता पेट्रोल नाही, वार्निश आहे. आणि हो, ऑइल प्रेशरचा काटा १४-१५ पौंडांवर थांबला तर घाबरू नका. हे इंजिन तेवढ्यावरच चालतं. कोणी फिटर रिलीफ स्प्रिंगखाली वॉशर टाकून प्रेशर वाढवून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता ब्रेक. या ट्रकात पुढच्या-मागच्या चारही चाकांना मिळून एकच हायड्रॉलिक लाइन आहे. एक होज फुटला की पेडल थेट फळीला. जुना रबरी होज बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून सुजून बंद झालेला असतो. मग ब्रेक लागतो पण सुटत नाही. सगळे होज आणि सगळ्या धातूच्या नळ्या नव्या घाला. व्हील सिलिंडर गंजून खड्डे पडले असतील तर फेकू नका, लेथवर बोअर करून स्टेनलेसची स्लीव्ह बसवून घ्या. नाशिकला अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत हे काम करून मिळतं. ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ते फुप्फुसात गेलं की परत येत नाही. पाणी मारून ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

एवढं सगळं दसऱ्यापर्यंत होणार नाही. यंदा ट्रकला झेंडूचा हार जागेवरच घाला.

रंगाचं एका वाक्यात सांगतो, कारण तुम्ही विचारणारच. डॅशबोर्डवरची पाटी उचकटून तिच्यामागचा रंग पाहा. १९४२-४३ च्या काळात ब्रिटिश फौजांच्या पुष्कळ गाड्या तपकिरी रंगाच्या असत. तुमच्या पाटीमागे तो निघाला तर नशीबवान आहात. का, ते खाली गंगापूर रोडच्या ताईंना दिलेल्या उत्तरात आहे.

माझ्याकडे डॉज थ्री-क्वार्टर टन आहे, सहा व्होल्टची. गरम झाली की सेल्फ अगदी जड फिरतो. तीन गॅरेजवाल्यांनी बारा व्होल्ट करून घ्या असं सांगितलं. करू का? — ओझर

बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या केबलची जाडी किती आहे ते त्या तिघांपैकी एकाने तरी पाहिलं का? पैजेवर सांगतो, कोणीतरी कारची केबल घातलेली असणार.

हिशेब साधा आहे. सेल्फला लागणारी ताकद तीच, व्होल्ट निम्मे, म्हणजे करंट दुप्पट. केबलमध्ये, गंजलेल्या टर्मिनलमध्ये आणि रंग लावलेल्या अर्थिंगमध्ये मिळून एक व्होल्ट गेला, तर बारा व्होल्टच्या गाडीत बारावा हिस्सा गेला, तुमच्या गाडीत सहावा. वेल्डिंगची ७० स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल आणा आणि दोन्ही बाजूंना घाला. इंजिन ते चॅसी अशी एक वेगळी अर्थिंग पट्टी लावा. ती जिथे टेकते तिथला रंग खरवडून धातू उघडा करा. मग मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या अर्थ खुंटीवर, दुसरी सेल्फच्या अंगावर धरून सेल्फ मारायला सांगा. पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर अर्थिंग अजून खराब आहे. एवढं करूनही गरम इंजिनला सेल्फ जड जात असेल तर सेल्फचे बुश झिजलेत आणि आर्मेचर घासतंय. रिवाइंडिंगवाल्याकडे न्या.

बारा व्होल्ट केलं की कॉइल, बल्ब, हॉर्न, गेज, डायनामो सगळं बदलायचं, आणि सेल्फ दुप्पट जोराने फ्लायव्हीलच्या रिंगवर आदळणार. रिंगचे दात गेले की गिअरबॉक्स उतरवा. कशाला? या गाड्या सहा व्होल्टवर लढाई करून आल्या आहेत.

बोल्टने जोडलेल्या दोन भागांची रिम आहे. पंक्चरवाला हात लावायला तयार नाही. मी स्वतः उघडू शकतो का? — दिंडोरी

पंक्चरवाला शहाणा आहे, त्याच्याशी भांडू नका.

तुमची रिम दोन अर्ध्यांची आहे आणि गोलाकार बसवलेले नट ते दोन अर्धे धरून ठेवतात. टायरमध्ये ४० पौंड हवा असेल तर प्रत्येक चौरस इंचावर ४० पौंड जोर असतो, आणि रिमच्या एका अर्ध्यावर असे शंभरावर चौरस इंच येतात. म्हणजे दोन टनांच्या आसपास. हवा असताना ते नट सैल केले तर रिम तोंडावर येते. यात माणसं मेलेली आहेत. ब्रिटिश पद्धतीच्या गाड्यांवर हे नट मुद्दाम लाल रंगवायचे, सैल करू नका हे कळावं म्हणून. तुमच्या रिमवर तो लाल रंग उडाला असेल तर आज पहिलं तो लावा. हा एक रंग मी आधी लावू देतो.

उघडायची असेल तर चाक गाडीवरून काढायच्याही आधी व्हॉल्वचा पिन काढून पूर्ण हवा सोडा. पिनच्या भोकातून तार घालून व्हॉल्व मोकळा आहे ना हे बघा, कारण गंजाने भोक बुजतं आणि हवा आतच राहते. टायर हाताने दाबून पाहा. नंतरच नट. जोडताना रिमच्या वाकलेल्या किंवा चीर गेलेल्या अर्ध्याला वेल्डिंग मारू नका, ती रिम भंगारात गेली. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवा आणि लांब नळीने भरा. पिंजरा आडगावच्या ट्रक टर्मिनलकडे एखाद्या टायरवाल्याकडे मिळेल. नसेल तर चाक गाडीच्या चॅसीखाली, नटांची बाजू जमिनीकडे करून साखळीने बांधा. समोर कोणी उभं राहायचं नाही. तुम्ही सुद्धा.

काका, मला लष्कराच्या लिलावातली जोंगा घ्यायची आहे. कागदपत्रांचं काय बघू? व्हिंटेज नंबर मिळतो म्हणतात. आणि ऑलिव्ह ग्रीन रंग व बाणाचा फौजी नंबर तसाच ठेवला तर चालेल का? — गंगापूर रोड, नाशिक

ताई, बाणाचा नंबर गाडीवर ठेवून एकदा देवळाली कॅम्पाच्या फौजी छावणीतून जाऊन बघा, उत्तर तिथेच मिळेल.

जोंगा म्हणजे ‘निसान पॅट्रोल’ या जपानी गाडीचा आपला अवतार. जबलपूरला १९६९ पासून १९९९ पर्यंत बनली, सहा सिलिंडरचं जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन. दणकट गाडी, पण तिच्या पेट्रोलचा खर्च आधी घरी सांगून ठेवा. संरक्षण खात्याच्या गाड्यांचे लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर निघतात. बोली लावण्याआधी अटी शब्द न् शब्द वाचा. लॉट भंगार म्हणून विकलेला असेल तर तो आरटीओत चढवायची स्वप्नं बघू नका, त्यातून फक्त पार्ट मिळतील. रस्त्यावर आणायची असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ४७ वा नियम फौजी गाडीसाठी संबंधित अधिकाऱ्यांचा मूळ विक्री दाखला मागतो, फॉर्म २१ मध्ये. मूळ. झेरॉक्स नाही, मधल्या दलालाचं ‘देतो नंतर’ नाही. इंजिन आणि चॅसी नंबर स्वतः कागद ठेवून पेन्सिलने घासून घ्या आणि दाखल्याशी जुळवा. फौजी वर्कशॉपमध्ये इंजिन बदलणं हे रोजचं काम असतं, त्यामुळे नंबर न जुळणारी गाडी चोरीचीच असते असं नाही. पण आरटीओतल्या साहेबांना ते पटवत बसावं लागतं.

व्हिंटेजची सोय २०२१ च्या जुलैत आली. पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, खासगी वापराची, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००, मुदत दहा वर्षं. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. पन्नास वर्षं कारखान्यातून बाहेर पडल्यापासून मोजत नाहीत, हे नीट समजून घ्या. कालपर्यंत फौजेत असलेल्या गाडीची पहिली मुलकी नोंदणी अजून व्हायचीच असते. आणि हा नंबर घेतलात तर गाडी रोज कॉलेज रोडला आइस्क्रीम खायला न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. चॅसी-बॉडी कापून सनरूफ वगैरे केलेली गाडी त्यात बसत नाही. हरियाणातल्या मंडी डबवालीहून सजवून आलेल्या जीप बघून हुरळून जाऊ नका.

रंगाचं म्हणाल तर नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. दुसऱ्या कोणी तो लावायचा नाही. वाळूचा रंग घ्या. सिन्नरच्या दादांना मी नशीबवान म्हणालो ते यासाठी की त्यांच्या ट्रकचा मूळ रंग तपकिरी निघाला, तर इतिहासही पाळला जातो आणि कायदाही.

माझी जुनी जीप गेल्या वर्षापासून कार्बोरेटर भरून ओघळते. दोनदा निडल बदलली. — नाशिक रोड

निडल म्हणजे कार्बोरेटरात पेट्रोल अडवणारी सुई. ती बिचारी काय करणार, कचरा वरून येतोय. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल टाकीच्या भिंतीवरचा वर्षानुवर्षांचा राप सोडवतं आणि तो निडलच्या सीटवर येऊन बसतो. टाकी उतरवून रेडिएटरवाल्याकडून आतून धुऊन घ्या. टाकीच्या गेजचा फ्लोट बुचाचा असेल तर त्यावरचं लाखेचं अस्तर इथेनॉलमध्ये विरघळतं आणि बूच पेट्रोल पिऊन बुडतं. पितळी फ्लोट बसवा. रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल सोसणारा, एफकेएम रबराचा घ्या.

हे डायफ्रॅमचं मनावर घ्या. तो फाटला की पेट्रोल नुसतं बाहेर ओघळत नाही, आत इंजिन ऑइलमध्येही उतरू शकतं. डिपस्टिक काढून नाकाशी धरा. पेट्रोलचा वास आला किंवा तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर गाडी सुरूच करू नका. ऑक्टेनची मात्र चिंता नको. महायुद्धातल्या विलीज एमबी जीपचं कॉम्प्रेशन ६.४८ ला एक आहे, आजचं साधं पेट्रोल तिला गरजेपेक्षा भारी पडतं.

पावसाळ्यात गाडी कशी ठेवावी? — इगतपुरी

तुमच्याकडे पाऊस नव्हे, समुद्रच पडतो. पेट्रोल टाकी रिकामी करा, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते तळाला साचतं. बॅटरी घरात. हँडब्रेक सोडून चाकांना लाकडी ठोकळे लावा, नाहीतर शू ड्रमला चिकटतात. क्लच पेडल फळीने दाबून ठेवा, प्लेट चिकटणार नाही. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळू नका, आतून घाम येतो. वरून पत्रा, बाजू मोकळ्या. आणि आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालवायची सवय वाईट. तेवढ्यात ते गरम होत नाही आणि सायलेन्सरमध्ये, सम्पमध्ये पाणी जमतं. चालवाल तर अर्धा तास, गाडी फिरवून. नाहीतर झोपू द्या.

गिअर टाकताना कर्र आवाज येतो. मेकॅनिक १४० नंबरचं ऑइल टाकू म्हणतो. तसंच ऑइल सील आणि बेअरिंग मिळत नाहीत, कुर्ल्याला जावं लागेल का? — पिंपळगाव बसवंत

१४० ने आवाज दबेल, दात झिजणं थांबणार नाही. आधी तुमचा पाय तपासा. या जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये खालच्या गिअरना बहुधा सिंक्रो, म्हणजे दातांचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नसतो. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडा, खाली येताना अ‍ॅक्सिलरेटरला एक टिचकी, पुन्हा क्लच, मग गिअर. फौजेत नव्या ड्रायव्हरला हे जमेपर्यंत उस्ताद शेजारून उतरत नसे. तरीही आवाज आला तर बघू. तेल नव्वद नंबरचंच, पण डब्यावर जीएल-४ लिहिलेलं. जीएल-५ मधली रसायनं आतल्या पितळी बुशांना खातात. आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून फिरत असाल तर ते आजपासून बंद, ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर, ताण चढतो.

कुर्ल्याला जायची घाई नको. बेअरिंग धुऊन त्याच्या कडेवर कोरलेला नंबर वाचा. बेअरिंगचे नंबर गाडीच्या कंपनीचे नसतात, त्यामुळे त्या काळचे कित्येक नंबर आजही दुकानात मिळतात. सीलला नंबर नसेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी व्हर्नियरने मोजा. माप शाफ्टवर आणि हाऊसिंगवर घ्या. जुन्या सीलचं घेऊ नका, ते फुगलेलं असतं. ती तीन मापं कागदावर घेऊन नाशिकला शिंगाडा तलावाकडच्या दुकानांत चक्कर मारा. ‘जुन्या फौजी गाडीचं सील’ असं दुकानात म्हणालात तर माणूस मान हलवेल. मापं सांगा, तो पाच मिनिटांत डबा काढतो.